घर आणि परसदार : काळ्या अक्रोडाच्या शेजारीं आडोसा

अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत स्थायिक झालेल्या एका वाचकभगिनीचें सविस्तर पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्यांच्या घरामागें मोकळें परस आहे, आणि परसाच्या टोकाशीं, शेजाऱ्याच्या हद्दींत पण यांच्या बाजूस झुकलेला, काळ्या अक्रोडाचा एक जुना वृक्ष उभा आहे. त्या वस्तींत घराभोंवतीं भिंत घालण्याची चाल नाहीं. शेजारच्या माडीवरून यांच्या अंगणांतल्या रांगोळीचे ठिपकेसुद्धां मोजतां यावेत. यंदाच्या उन्हाळ्यांत पुण्याहून सासूसासरे कांहीं महिने राहावयास येत आहेत. सासूबाई जुन्या वळणाच्या. सकाळीं तुळशीला पाणी घालून ओल्या केसांनीं घटकाभर उन्हांत बसावें, दुपारीं बाहेरच भाजी निवडावी, एवढेंच त्यांचें सुख. परंतु चार घरच्या खिडक्यांसमोर त्या पाऊल बाहेर टाकणार नाहींत. गेल्या खेपेस असेंच घरांत कोंडून घेतलें, यंदा पुन्हां तेंच झालें तर तिसऱ्या खेपेस त्या येणार नाहींत, ही या सुनेची खरी चिंता.

आडोसा व्हावा म्हणून त्यांनीं दोन वर्षांपूर्वीं हद्दीला लागून ऱ्होडोडेंड्रॉनचीं अकरा झुडपें ओळीनें लावलीं. दुसऱ्या उन्हाळ्यांत पानें पिवळीं पडून नऊ वाळलीं. उरलेलीं दोन आज जातील कीं उद्यां अशा स्थितींत आहेत. यजमानांचें म्हणणें, वृक्ष विषारी आहे, शेजाऱ्यानें तो तोडावा. शेजाऱ्याच्या आजोबांच्या हातचा तो वृक्ष. तो ऐकावयास तयार नाहीं, आणि दोन्ही घरांतलें बोलणें खुंटलें आहे. रोपवाटिकेंतून एक यादी मिळाली, दुसरीकडून दुसरी; एकींत जें झाड चालतें तेंच दुसरींत वर्ज्य. आतां लावावें काय, असा प्रश्न आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें आज त्या देशाच्या पूर्वार्धांत घरें करून आहेत, आणि काळा अक्रोड मूळचा त्याच भागाचा. उत्तरेस ओंटॅरिओपासून दक्षिणेस फ्लॉरिडाच्या वरच्या भागापर्यंत आणि पश्चिमेस कॅन्ससपर्यंत तो आपोआप उगवतो. म्हणून उत्तर खासगी पत्रानें न धाडतां येथेंच देत आहों.

आपण शिऱ्यांत किंवा बर्फींत घालतों तो अक्रोड काश्मीरकडचा. काळा अक्रोड हा त्याचा चुलतभाऊ. तो सत्तर ते शंभर फूट उंच वाढतो. त्याचें गर्द तपकिरी लांकूड कपाटें आणि बंदुकींचे दस्ते यांकरितां नांवाजलेलें आहे. फळाचें कवच मात्र इतकें कठीण कीं आपल्या घरचा अडकित्ता त्यापुढें हात टेकील.

या कुळाविषयीं तक्रार फार जुनी आहे. रोमचा ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांतच अक्रोडाची छाया माणसांस व आसपासच्या रोपांस बाधते असें लिहून ठेविलें. आपल्याकडे चिंचेखालीं निजूं नये म्हणतात, त्याच मासल्याची ही समजूत. पण रोपांपुरतें तिच्या मुळाशीं कांहीं तथ्य निघालें. १९२५ सालीं व्हर्जिनियांतील मॅसी या संशोधकानें काळ्या अक्रोडाच्या मुळांच्या टापूंत टोमॅटो व लसूणघास मरतात हें प्रसिद्ध केलें. १९२८ सालीं डेव्हिस यानें तें मारक द्रव्य ‘जुग्लोन’ होय असें दाखविलें. एका वनस्पतीनें दुसरीवर रसायनांच्या द्वारें परिणाम करावा, या प्रकारास पुढें १९३७ सालीं मोलिश या पंडितानें ‘ॲलिलोपथी’ असें नांव दिलें.

या जुग्लोनचें एक भावंड आपल्या घरांत आहे. मेंदीच्या पानांतील रंगद्रव्य ‘लॉसोन’ आणि हें जुग्लोन यांच्या रेणूचा सांगाडा एकच, घटक तेच आणि तेवढेच. फक्त एका गटाची जागा निराळी. अक्रोडाची हिरवी साल सोलणाऱ्याचे हात काळेतपकिरी होतात आणि तो डाग साबणानें जात नाहीं, हें वाचून मेंदी काढणाऱ्या मुलींना नवल वाटूं नये. आपल्याकडे मेंदीचें कुंपण कित्येक घरांना आडोसा देत आलें. तिच्या भावंडावर मात्र दूरदेशीं आडोशाचीं झाडें मारल्याचा आळ आहे.

हें द्रव्य मुळें, कळ्या आणि फळांची हिरवी साल यांत अधिक, पानांत त्याहून कमी. वृक्षाच्या जिवंत भागांत तें बहुतेक निरुपद्रवी, बिनरंगी रूपांत असतें. हवेशीं संबंध आला कीं त्याचें जुग्लोन बनतें. पाण्यांत तें फारसें विरघळत नाहीं, त्यामुळें मातींतून दूर वाहत जात नाहीं. दुसऱ्या झाडाचीं मुळें अक्रोडाच्या मुळांना जवळजवळ भिडतात तेव्हांच गांठ पडते. भुसभुशीत व हवेशीर मातींतील सूक्ष्म जंतु त्याचें विघटन करून टाकतात. चिकण, पाणी धरून ठेवणाऱ्या मातींत मात्र तें सांचून राहतें. कोणतें झाड निवडावें यापेक्षां तें कसल्या मातींत लावावें याला महत्त्व अधिक कां, तें यावरून ध्यानांत येईल.

आतां, नऊ झुडपांच्या मृत्यूचा आरोप एकट्या जुग्लोनवर ठेवण्यापूर्वीं दुसरी बाजू ऐकली पाहिजे. इंडियाना संस्थानांत शिबु जोस व गिलेस्पी यांनीं अक्रोडाच्या ओळींमधील जमिनींत मक्यावर काम केलें; तें १९९८ सालीं प्रसिद्ध झालें. ओळीपासून दूर जावें तसतसें मातींतील जुग्लोन झपाट्यानें कमी होत गेलेलें त्यांस आढळलें. पुढील अभ्यासांत असें दिसलें कीं, अक्रोड व मका यांच्या मुळांमध्यें पडदा घातला म्हणजे मका सुधारतो, आणि त्याचें मुख्य कारण म्हणजे पाण्यासाठीं चाललेली झोंबाझोंबी थांबते. वॉशिंग्टन संस्थानाच्या विद्यापीठांतील लिंडा चॉकर-स्कॉट या उद्यानशास्त्रज्ञ बाईंनीं २०१९ सालीं सर्व पुरावा तपासून याहून पुढची गोष्ट सांगितली: जुग्लोनचे दाखविलेले परिणाम बहुतेक प्रयोगशाळेंतील बियांवर व पाण्यांत वाढविलेल्या रोपांवरचे आहेत, खऱ्या बागेंतील मातींत तें झाडें मारतें याला भक्कम आधार नाहीं. शेतकीखात्यांचीं पत्रकें अद्याप जुनेंच मत देतात. आम्हांस वाटतें, शहाण्या माणसानें दोन्ही ध्यानांत ठेवून वागावें. ज्या झाडांविषयीं तक्रारी वारंवार आल्या तीं वृक्षाजवळ लावूं नयेत. पण झाड मेलें कीं विषबाधा झाली असाही निवाडा देऊं नये.

पत्रलेखिकेच्याच परसाचें पाहा. ओहायोची माती पुष्कळ ठिकाणीं जड व चिकण आहे. ऱ्होडोडेंड्रॉनला आंबट गुणाची, पाण्याचा चटकन निचरा होणारी माती लागते, आणि त्याचीं मुळें बारीक व उथळ असतात. अशा झुडपास चिकणमातींत, एका तहानलेल्या प्रचंड वृक्षाच्या मुळांच्या जाळ्यांत लावलें, तर जुग्लोन नसतें तरी तें सुखानें नांदलें नसतें. त्यांतून तें अक्रोडाला न सोसणाऱ्या झाडांच्या जवळजवळ प्रत्येक यादींत आहे. शेजाऱ्यानें वृक्ष तोडला असता तरी ही ओळ वांचली असती असें आम्हांस वाटत नाहीं, आणि हें यजमानांस वाचून दाखवावें अशी विनंति आहे.

तेव्हां पहिलें काम रोपें आणण्याचें नसून जमीन पाहण्याचें आहे. जेथें ओळ लावावयाची तेथें फूटभर खोल खड्डा खणून पाण्यानें भरावा. तें जिरल्यावर दुसऱ्या दिवशीं पुन्हां भरावा आणि तासाभरांत किती उतरतें तें पाहावें. इंच-दोन इंच उतरलें तर माती ठीक. पाणी तसेंच तुंबून राहिलें तर तेथें माती व कुजलेलें खत घालून आठ-दहा इंच उंच वरंबा करावा आणि त्यावर लावणी करावी. मात्र ही भर अक्रोडाच्या बुंध्याजवळ घालूं नये. माती आंबट कीं खारट हें कौंटीच्या कृषिविस्तार कार्यालयाकडून समजेल. त्या देशांत खणण्यापूर्वीं ८११ या क्रमांकावर कळविलें म्हणजे जमिनीखालील नळ व तारा कोठून गेल्या आहेत त्या खुणा विनामूल्य करून मिळतात. तें अवश्य करावें.

दुसरें, अंतर मोजावें. फांद्या जेथवर पसरल्या आहेत तेथवरची जमीन सर्वांत कठीण. पण मुळें त्यापलीकडेही जातात, आणि मोठ्या वृक्षाच्या बाबतींत बुंध्यापासून पन्नास-साठ फुटांपर्यंतचा टापू संशयित धरण्याची रीत आहे. आडोसा हद्दीवरच हवा असा हट्ट कां धरावा, हें आम्हांस कळत नाहीं. माणसें बसतात तेथून आठ-दहा फुटांवर लहानसा आडोसा केला, तर तो थोड्या उंचीनेंही दृष्टि अडवितो, आणि वृक्षापासून तितकाच दूर राहतो. चाळीस फूट ओळीचें काम बारा फुटांत भागतें. बैठक वृक्षापासून दूर नेण्यास आणखीही एक कारण आहे: पानगळीच्या आरंभीं लिंबाएवढालीं जड फळें टपाटप पडूं लागतात, आणि त्यांपैकीं एक डोक्यांत बसलें तर सासूबाईंचा त्या देशाविषयींचा ग्रह कायमचा होईल.

आतां झाडें. यादींच्या विसंवादानें गोंधळून जाऊं नये. त्या बहुतेक कोणी तरी आपल्या बागेंत पाहिलेल्या गोष्टींवरून बनल्या आहेत. लायलॅक एकाच्या बागेंत जगला, दुसऱ्याच्या मेला, म्हणून तो दोहोंकडे आढळतो. एकमत आहे तेवढेंच घ्यावें. वर्ज्यांत एकमत असलेलीं म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, त्याची बहीण अझेलिया, ब्लूबेरी, व्हाइट पाइन, सफरचंद आणि पांढरा बर्च.

आमची पहिली पसंती ईस्टर्न रेड सीडर या सदापर्णी झाडास. नांवांत सीडर असलें तरी तें जातीनें जुनिपर आहे. पडीक माळांवर तें काळ्या अक्रोडाच्या शेजारीं आपण होऊन वाढतांना दिसतें, आणि अशी साक्ष आम्हांस कोणत्याही यादीपेक्षां मोलाची वाटते. तें कोरड सोसतें, चिकणमाती सोसतें, हरणें त्याच्या वाटेस फारशीं जात नाहींत. ‘टेलर’ नांवाचा प्रकार खांबासारखा सरळ वाढतो, रुंदी तीन-चार फूट, उंची पंधरा-वीस फूट. अरुंद परसास तो फारच सोईचा. दोन अडचणी मात्र आहेत. त्यास दिवसाचें सहा तास तरी ऊन हवें. आणि सफरचंदाच्या झाडांवर पडणारा एक तांबेरा आपलें अर्धें आयुष्य या झाडावर काढतो, म्हणून शेजारीं कोणाचीं सफरचंदें असतील तर हें लावूं नये. एक भांडण मिटवितांना दुसरें उभें राहावयास नको.

आर्बोरव्हाइटी ही दुसरी. आपल्या बंगल्यांपुढें शोभेला लावतात त्या मोरपंखीची ही नातेवाईक, म्हणून आपल्या माणसांना ती परकी वाटत नाहीं. ती दाट, हिरवीगार वाढते, सहज मिळते, ओल सोसते. पण हिंवाळ्यांत हरणें तिला खालून वर चार-पांच फूट सोलून काढतात, आणि आडोसा नेमका तेथेंच उघडा पडतो. ज्यांच्या वस्तींत हरणें फिरतात त्यांनीं हिच्या नादीं लागूं नये. हेमलॉक सावलींत वाढतो आणि अक्रोडासही सोसतो, (सॉक्रेटिसाला दिला तो हेमलॉक निराळा, ती एक क्षुद्र वनस्पति, हा सूचिपर्णी वृक्ष आहे.) परंतु पूर्वेकडील संस्थानांत एका लोंकरी किड्यानें त्याचा फार संहार चालविला आहे, आणि वर्षानुवर्षें औषध घालीत बसण्याची तयारी थोड्यांचीच असते.

सदापर्णीचाच आग्रह मात्र नको. परसांत माणसें बसतात तीं उन्हाळ्यांत. हिंवाळ्यांत, बर्फांत, पाहणारे आणि पाहिले जाणारे दोघेही घरांत असतात. मग पानगळीचीं झुडपें कां नकोत? रोज ऑफ शॅरन हें आपल्या जास्वंदीच्याच कुळांतलें. आठ ते बारा फूट उंच, सरळ वाढतें, आणि आषाढापासून भाद्रपदापर्यंत पांढऱ्या, जांभळ्या, गुलाबी फुलांनीं भरून जातें. गणपतीला दारची जास्वंद वाहतां येत नाहीं म्हणून हळहळणाऱ्या सासूबाईंस हें झुडूप दाखवावें. त्यास पालवी उशिरां, मे महिन्यांत फुटते, आणि बी पडून रोपें फार उगवतात, तीं उपटावीं लागतात. एवढाच त्याचा दोष. फॉरसिथिया पिवळ्या फुलांनीं वसंताची वर्दी देतें आणि कशाही मातींत जगतें, पण पसरतें फार. ब्लॅकहॉ नांवाचा व्हायबर्नम, विच हेझल आणि नाइनबार्क हीं तिन्ही त्याच मातींतलीं देशी झुडपें. ज्या अर्धसावलींत रेड सीडर रुसतो तेथें पहिलीं दोन लावावीं.

सर्व ओळ एकाच जातीची लावूं नये, हें आमचें आग्रहाचें सांगणें. अकरा सारखीं झुडपें दिसतात सुंदर, पण तीं मेलीं तर एकदमच मरतात. उन्हाच्या बाजूस तीन रेड सीडर, मध्यें दोन-तीन रोज ऑफ शॅरन, सावलीकडे ब्लॅकहॉ व विच हेझल, अशी नागमोडी लावणी केली म्हणजे एखादें गेलें तरी भगदाड पडत नाहीं.

रोपें लहान घ्यावीं. सहा फुटी झाडें आणून एका दिवसांत भिंत उभी करण्याचा मोह महाग पडतो. मोठ्या झाडाचीं मुळें तुटलेलीं किंवा भांड्यांत गुंडाळलेलीं असतात, आणि त्यांसाठीं मोठा खड्डा खणतांना अक्रोडाचीं मुळें तुटून उघडीं पडतात. लहान रोप लहान खड्ड्यांत बसतें, आणि वाट काढीत वाढतें. लांब चर खणूं नये. प्रत्येक रोपास निराळा खड्डा करावा, जाड मूळ लागलें तर तें न तोडतां फूटभर बाजूस सरकावें. वर लांकडाच्या चिपांचें तीन इंच आच्छादन घालावें, बुंध्याला टेकूं देऊं नये, आणि त्या चिपा अक्रोडाच्या नसाव्या. पहिले दोन उन्हाळे आठवड्यांतून एकदां मुळांशीं भरपूर पाणी द्यावें. नव्या रोपांचे बहुतेक मृत्यु याच दोन उन्हाळ्यांत, तहानेनें होतात.

पण झाडांना तीन-चार वर्षें लागणार, आणि सासूबाई तर यंदाच येणार. त्यांच्यासाठीं खांबांवर सहा फूट उंच लांकडी जाळी उभी करावी. नगरपालिकेचा व वस्तीच्या मंडळाचा नियम आधीं विचारून घ्यावा. तिच्या पायथ्याशीं व्हर्जिनिया क्रीपर लावला तर तो एका-दोन हंगामांत जाळी भरून काढतो आणि अक्रोडासही जुमानीत नाहीं. त्याचा रस कोणाकोणाच्या अंगाला खाजतो, तेव्हां छाटतांना हातमोजे घालावे. आठवण येते म्हणून बांबू लावण्याचा विचार कोणी करील, तो मात्र मनांतून काढावा. धांवणारा बांबू दोन-चार वर्षांत हद्द ओलांडून शेजाऱ्याच्या हिरवळींत डोकें काढतो.

वृक्ष तोडण्याविषयीं. तोडला तरी मुळें जमिनींत राहतात, आणि तीं कुजेपर्यंत कांहीं वर्षें जुग्लोन सुटत राहतें, असें ती भीति बाळगणारींच पत्रकें सांगतात. म्हणजे मोठा खर्च करून, संबंध तोडून, पदरांत कांहींच पडत नाहीं. उलट, अक्रोडाची छाया विरळ असते, त्यास पालवी उशिरां येते आणि पानें लौकर गळतात, हें खालच्या झाडांच्या पथ्यावरच पडतें. शेजाऱ्याकडे जावें तें नव्या ओळीचा नकाशा घेऊन. त्याच्या वृक्षाखालीं काय जगतें हें त्यानें जन्मभर पाहिलेलें आहे, आणि तें विचारलेलें त्यास आवडेल.

तुळस, कढीलिंब हीं कुंडींतच असल्यामुळें त्यांस भय नाहीं. कुंडी फळें-पानें पडणार नाहींत अशा ठिकाणीं ठेवावी म्हणजे झालें. टोमॅटो, वांगीं, मिरच्या, बटाटे हीं मात्र एकाच नाजूक कुळांतलीं. त्यांस वृक्षापासून दूर किंवा बुडाच्या कुंड्यांत ठेवावें. कांदा, बीट, गाजर, घेवडा यांविषयीं तक्रार नाहीं.

राहिल्या खारी. त्या अक्रोडाचीं फळें उचलून नेमक्या नव्यानें खणलेल्या मऊ मातींत पुरतात, आणि पुष्कळदां विसरतात. पुढच्या वसंतांत रेड सीडरच्या पायथ्याशीं लांब देठाच्या दोहों बाजूंस टोंकदार पानें असलेलें, चुरगाळल्यास उग्र वास येणारें रोप दिसलें, तर त्याच वर्षीं पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असतांना उपटावें. दुसऱ्या वर्षीं त्याचें सोटमूळ इतकें खोल जातें कीं तें हातानें निघत नाहीं.